कान्हाची कुरणे आणि बारासिंगा

राष्ट्रीय उद्यान म्हटले की सामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर घनदाट अरण्य उभे राहते आणि त्या अरण्यात वाघापासून सशापर्यंतचे सारे प्राणी मनास येईल तेथे हिंडत असावेत, अशी त्याची कल्पना असते. वस्तुस्थिती तशी नाही. एकाच उद्यानाच्या सीमेत डोंगरमाथा, उतार, दरी, नदीकाठ आणि माळ अशी अनेक प्रकारची भूमी असते आणि प्रत्येक सस्तन प्राण्याने तिच्यातील आपापला भाग निवडलेला असतो. त्याचे अन्न, त्याची लपण्याची जागा, त्याच्या पिलांचे जन्मस्थान व त्याचे शत्रू या सर्वांचा विचार केल्यावाचून ही निवड समजत नाही. काही प्राण्यांच्या गरजा सैल असतात. एक जागा गेली तरी ते दुसरीकडे निभावून नेतात. काहींच्या गरजा मात्र इतक्या काटेकोर असतात की, त्यांची विशिष्ट जागा नाहीशी झाली म्हणजे भोवताली कितीही मोठे रान शिल्लक असले तरी ते टिकू शकत नाहीत.

मध्य प्रदेशातील कान्हा राष्ट्रीय उद्यान हे या गोष्टीचे उत्तम उदाहरण होय. तेथील बारासिंगा हे हरिण १९७० साली नामशेष होण्याच्या अगदी काठावर आले होते. ते का आले आणि तेथून परत कसे फिरले, हे समजून घेण्यासाठी प्रथम त्या प्रदेशाची व तेथील इतर प्राण्यांची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

दोन नद्यांची खोरी

कान्हा उद्यान मंडला व बालाघाट या जिल्ह्यांत, सातपुड्याच्या मैकल रांगांमध्ये वसलेले आहे. पश्चिमेकडे बंजर नदीचे आणि पूर्वेकडे हालोन नदीचे अशी दोन खोरी त्यात येतात. बंजर मंडला गावाजवळ थेट नर्मदेला मिळते, तर हालोन प्रथम बुढनेर नदीला मिळते व तिच्यामार्फत तिचे पाणी नर्मदेत जाते. ही दोन खोरी मधल्या एका अरुंद पट्ट्याने परस्परांशी जोडलेली आहेत. उद्यानाच्या गाभ्याचे क्षेत्र सुमारे ९४० चौरस किलोमीटर असून त्याभोवती जवळजवळ तेवढ्याच विस्ताराचा संरक्षक पट्टा आहे. या संरक्षक पट्ट्यात गावे, शेती व जंगल ही एकत्र नांदतात.

येथील भूमीचे तीन ठळक भाग पडतात. दऱ्यांच्या तळाशी आणि सौम्य उतारांवर साल वृक्षांचे दाट, बहुतेक वर्षभर हिरवे दिसणारे वन आहे. उभ्या उतारांवर बांबू आणि पानगळीच्या झाडांचे मिश्र रान आहे. डोंगरांच्या माथ्यावर सपाट पठारे आहेत. त्यांना स्थानिक लोक ‘दादर’ म्हणतात. बम्हनी दादर हे त्यांपैकी प्रसिद्ध आहे. या दादरांवर झाडे विरळ व गवत फार. याशिवाय सालवनाच्या मधोमध, ओढ्यांच्या आसपास, विस्तीर्ण गवताळ कुरणे पसरलेली आहेत. हिवाळ्याच्या रात्री थंड हवा या खोलगट कुरणांत उतरून साठते, पहाटे गवतावर दहिवर गोठते आणि सालाची कोवळी रोपटी करपून जातात. या कुरणांत झाडांचे पाऊल सहजासहजी पुढे न पडण्याचे हे एक कारण आहे. दुसरे कारण मनुष्य हे होय. त्याचा विचार पुढे येईल.

या प्रदेशाचा संरक्षित क्षेत्र म्हणून इतिहासही जुना आहे. १९३३ साली बंजर खोऱ्याचा भाग अभयारण्य म्हणून राखण्यात आला. १९५५ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा त्यासाठी प्रथम निवडलेल्या नऊ क्षेत्रांत कान्हाचा समावेश होता.

प्रत्येकाची जागा निराळी

कान्हामध्ये सर्वांत अधिक संख्येने दिसणारे हरिण म्हणजे चितळ. त्याला गवतही चालते आणि झाडांचा पालाही. पडलेली फुले व फळेही तो आवडीने खातो. म्हणून वन व कुरण जेथे परस्परांना भिडतात ती कड त्याला सर्वांत सोयीची. सकाळ-संध्याकाळ तो उघड्यावर चरतो आणि दुपारी सावलीत शिरतो. चरून आखूड झालेल्या गवतात त्याला कोवळे कोंब मिळतात आणि दूरवरचा शत्रूही दिसतो. झाडावर वानरांची टोळी असेल तर खाली चितळांचा कळप बहुधा असतोच. वानरे पाने व फळे निम्मी खाऊन टाकून देतात, ती चितळांच्या उपयोगी पडतात. शिवाय उंचावरील वानरांची दृष्टी आणि जमिनीवरील चितळांचे घ्राणेंद्रिय यांचा दोघांनाही लाभ होतो. एकाच्या इशाऱ्याने दुसरा सावध होतो. पॉल न्यूटन या अभ्यासकाने १९८० नंतरच्या दशकात कान्हामध्येच या सहवासाचे बारकाईने निरीक्षण केले.

सांबर हे आकाराने मोठे, पण स्वभावाने लाजाळू. त्याचे ठिकाण म्हणजे डोंगरउतारावरील रान. दिवस तो झाडोऱ्यात काढतो आणि सांजवेळी बाहेर पडतो. भेकर दाट झुडुपांत एकटेदुकटे राहते. त्याच्या भुंकण्यासारख्या आवाजावरूनच बहुधा त्याच्या अस्तित्वाची जाणीव होते. चौशिंगा कोरड्या, विरळ रानात आढळतो, मात्र पाण्यापासून तो फार दूर जात नाही.

गवा हा येथील तृणभक्षकांतील सर्वांत बलदंड प्राणी. पावसाळ्यात व त्यानंतर तो उंच डोंगरांवर बांबू व गवत खाऊन राहतो. उन्हाळा कडक झाला व वरचे झरे आटले म्हणजे त्याचे कळप पाण्यासाठी खोऱ्यात उतरतात. त्याला डोंगर हवा, खोरेही हवे आणि त्या दोहोंमधील वाटही मोकळी हवी. कान्हाच्या उत्तरेस असलेल्या बांधवगड उद्यानातून गवे १९९० नंतरच्या दशकात नाहीसे झाले. २०११ व २०१२ या वर्षांत कान्हातून गवे नेऊन तेथे त्यांचे पुन्हा वसाहतीकरण करावे लागले.

काळविटाची गोष्ट याच्या उलट आहे. त्याला उघडा माळ व आखूड गवत लागते. संकट आले म्हणजे लपून न बसता तो वेगाने पळून जीव वाचवतो आणि पळण्यासाठी दूरवर दिसणारी मोकळी जमीन त्याला आवश्यक असते. एके काळी कान्हाच्या मुख्य कुरणावर काळवीट होते. पुढे त्यांची संख्या घटत जाऊन ते तेथून दिसेनासे झाले. २०११ च्या सुमारास काही काळवीट बाहेरून आणून त्यांची पुन्हा स्थापना करण्याचा प्रयत्न झाला. एकाच माळावर आखूड गवत मागणारा काळवीट व उंच गवत मागणारा बारासिंगा या दोघांना सांभाळणे किती अवघड आहे, हे यावरून ध्यानी येईल.

मांसभक्षकांमध्येही अशीच वाटणी आहे. वाघाला पाणी, सावली व दबा धरण्यासाठी आडोसा हवा. म्हणून नाल्यांचे काठ व कुरणांच्या कडा त्याला प्रिय असतात. बिबळ्या वाघाच्या वाटेतून दूर राहतो आणि बहुधा डोंगरउतार किंवा उद्यानाच्या सीमेलगतचे रान पसंत करतो. रानकुत्री टोळीने, दिवसाउजेडी शिकार करतात व भक्ष्याचा पाठलाग करून त्याला थकवतात. कोल्हा लहान असला तरी गवतात लपवलेली हरणांची पाडसे हुडकून काढण्यात तो तरबेज असतो. अस्वल हे शिकारी नव्हे. वाळवीची वारुळे, मध आणि उन्हाळ्यात गळणारी मोहाची फुले यांच्या शोधात ते रानभर भटकते.

गवतावर जगणारे हरिण

आता बारासिंग्याकडे वळू. या नावाविषयी प्रथम थोडा खुलासा करणे इष्ट होईल. काश्मीरमधील हंगूल या हरणालाही पुष्कळदा बारासिंगा म्हटले जाते. परंतु ती जात सर्वस्वी वेगळी आहे. येथे अभिप्रेत असलेला खरा बारासिंगा भारतीय उपखंडापलीकडे कोठेही नैसर्गिक अवस्थेत आढळत नाही. त्याच्या तीन उपजाती मानल्या जातात. पहिली हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत, उदाहरणार्थ दुधवा येथे, राहते; दुसरी आसामात, मुख्यतः काझीरंगा येथे; आणि तिसरी मध्य भारतात. पहिल्या दोन दलदलीच्या प्रदेशात राहतात व चिखलात रुतू नये म्हणून त्यांचे खूर पसरट असतात. मध्य भारतातील बारासिंगा मात्र कठीण जमिनीवर वावरतो आणि त्याचे खूर आटोपशीर व घट्ट असतात. या उपजातीचे शास्त्रीय नाव मध्य प्रांतातील वनाधिकारी डनबार ब्रँडर यांच्यावरून ठेवण्यात आले आहे. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी या प्रदेशातील वन्य प्राण्यांचे सविस्तर वर्णन केले. विसाव्या शतकाच्या आरंभी बंजर खोऱ्यात एका संध्याकाळच्या फेरफटक्यात अकरा जातींचे सुमारे दीड हजार प्राणी दिसल्याची नोंद त्यांनी केली आहे.

प्रौढ नराचे वजन १७० किलोग्रॅमच्या आसपास भरते. त्याच्या शिंगांना बहुधा १० ते १४ टोके असतात. नावाप्रमाणे ती बाराच असतील असे नाही. हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, त्यांचा माजाचा काळ असतो. त्या वेळी नर चिखलात लोळतात, गवतात शिंगे खुपसून उपटलेल्या गवताचे झुबके शिंगांवर मिरवतात आणि त्यांची लांबवर जाणारी साद पहाटेच्या धुक्यात कुरणभर ऐकू येते. माजाचा काळ संपल्यावर शिंगे गळून पडतात व पुन्हा नवी उगवतात. मादी सुमारे आठ महिन्यांनी, म्हणजे पावसाळा सरता सरता, एका पाडसाला जन्म देते.

चितळाप्रमाणे बारासिंगा पाल्यावर निभावून नेऊ शकत नाही. त्याचे अन्न जवळजवळ सर्वस्वी गवत हेच आहे. तळ्यांतील पाणवनस्पती तेवढ्या तो अधूनमधून खातो. पण गवत त्याच्यासाठी केवळ अन्न नाही. पाडस जन्मल्यानंतरचे काही दिवस आईमागे धावू शकत नाही. आई त्याला उंच गवतात बसवून चरावयास जाते आणि दूध पाजण्यासाठी परत येते. पावसाळ्याच्या अखेरीस गवत पुरुषभर वाढलेले असते आणि पाडसाच्या जन्माची वेळ नेमकी तीच असते. गवत उंच असेल तर कोल्ह्याच्या व इतर शत्रूंच्या नजरेतून ते निसटते. गवत गुडघ्याएवढेच असेल तर मात्र त्याला लपविणारे दुसरे काहीही नाही. म्हणून बारासिंग्याच्या बाबतीत कुरण शिल्लक आहे की नाही एवढे विचारून भागत नाही; भाद्रपद-आश्विनात त्या कुरणातील गवताची उंची किती असते, हा खरा प्रश्न असतो.

तीन हजारांवरून सहासष्टांवर

१९३८ च्या सुमारास या प्रदेशात सुमारे ३,००० बारासिंगे असावेत असा अंदाज होता. १९५३ मध्ये ही संख्या ५५१ भरली. १९७० मध्ये केवळ ६६ उरले. मध्य भारतातील इतर ठिकाणचे बारासिंगे तोवर नाहीसे झाले होते. म्हणजे कठीण जमिनीवर राहणाऱ्या या उपजातीचे, साऱ्या जगातील, इतकेच प्राणी जिवंत होते. सहासष्ट हा आकडा एका मोठ्या कळपाचाही नव्हे.

या ऱ्हासाची कारणे शोधण्याचा प्रयत्न अनेकांनी केला. शिकार हे एक उघड कारण होते. परंतु १९५५ नंतर राष्ट्रीय उद्यानात संरक्षण असूनही संख्या घटतच राहिली, तेव्हा केवळ बंदुकीकडे बोट दाखवून प्रश्न सुटत नव्हता. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शालर यांनी १९६३ ते १९६५ या काळात कान्हामध्ये राहून हरणांचा व वाघाचा अभ्यास केला. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि भारतातील वन्य सस्तन प्राण्यांच्या शास्त्रीय अभ्यासाचा तो पाया मानला जातो. बारासिंग्यांत पाडसांची संख्या फारच अल्प असल्याचे त्यांना आढळले आणि पाळीव गुरांपासून पसरणाऱ्या गर्भपातकारी रोगाचा त्यात हात असावा, अशी शंका त्यांनी व्यक्त केली. त्यानंतर १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत स्विस अभ्यासक क्लॉड मार्टिन यांनी बारासिंग्यावर स्वतंत्र संशोधन केले. त्यांचे लक्ष अधिवासाकडे, म्हणजेच गवताकडे, अधिक वळले.

हे कोडे पुढीलप्रमाणे उलगडत गेले. कुरणांच्या आसपास गावे होती व गावांची गुरे त्याच कुरणांत चरत असत. शिवाय दरवर्षी कोरड्या ऋतूत कुरणांना आग लावली जाई; जुने गवत जळून गेले की नवे कोवळे कोंब फुटतात आणि गुरांना व चितळांना चारा मिळतो. वर्षानुवर्षे आग व चराई यांच्या माऱ्यामुळे उंच वाढणाऱ्या गवताच्या जाती मागे पडल्या व जमिनीलगत राहणाऱ्या जाती पसरल्या. चितळाला हे मानवले आणि त्याचे कळप वाढले. ते कळप उरलेले गवतही चरून आखूड ठेवू लागले. बारासिंग्याच्या पाडसांना मात्र लपण्यास जागा राहिली नाही. कुरण नकाशावर होते तेवढेच होते, दुरून पाहणाऱ्याला ते हिरवेगारही दिसत होते. परंतु बारासिंग्याच्या दृष्टीने त्याचे घर मोडले होते.

पुनरुज्जीवनाचे उपाय

यावर जे उपाय योजले गेले ते साधे होते, पण त्यांसाठी चिकाटीची आवश्यकता होती. कान्हा कुरणाच्या एका भागाला १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत उंच कुंपण घालण्यात आले व त्यात काही बारासिंगे ठेवण्यात आले. तेथे शिकारी प्राणी शिरू शकत नव्हते व चितळही चरू शकत नव्हते, त्यामुळे गवत वाढले आणि पाडसे जगू लागली. संख्या वाढल्यावर त्यांतील बारासिंगे बाहेरच्या कुरणांत सोडण्यात आले. त्याच वेळी सरसकट आग लावण्याची प्रथा बंद झाली. जाळावयाचेच तर आळीपाळीने, थोडाथोडा भाग जाळावा व काही पट्टे दरवर्षी न जाळता उंच राहू द्यावेत, अशी पद्धत रूढ करण्यात आली. पाणथळ जागा राखण्यात आल्या व नवी तळी बांधण्यात आली.

याहून मोठा व अधिक परिणामकारक उपाय गावांच्या स्थलांतराचा होता. उद्यानाच्या आत असलेले सोंफ हे गाव १९६९-७० च्या सुमारास हलविण्यात आले. मंडला जिल्ह्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी एम. के. रणजितसिंह यांचा यात पुढाकार होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या घडणीतही पुढे त्यांचा मोठा वाटा राहिला. सोंफच्या रिकाम्या शेतांत दोन-तीन पावसाळ्यांतच गवत माजले आणि बारासिंगे तेथे येऊ लागले. व्याघ्र प्रकल्प सुरू झाल्यानंतर आणखी गावे बाहेर गेली व त्यांच्या शेतजमिनींचीही कुरणे झाली. बिशनपुरा, मुक्की यांसारख्या भागांत बारासिंग्यांचा विस्तार झाला. १९८० नंतरच्या दशकात त्यांची संख्या काही शेकड्यांवर गेली आणि अलीकडील वर्षांत ती आठशे ते हजारच्या घरात पोहोचली आहे. आज बारासिंगा हा मध्य प्रदेशाचा राज्यप्राणी आहे.

गावांनी दिलेली किंमत

ही यशाची कथा सांगताना तिची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. जी गावे उठली ती मुख्यतः गोंड व बैगा या आदिवासींची होती. विशेषतः बैगा लोकांचे जीवन वनाशी फार खोलवर बांधलेले होते. नांगर चालवणे म्हणजे धरणीमातेच्या अंगावर घाव घालणे, अशी त्यांची परंपरागत श्रद्धा. ते ‘बेवर’ पद्धतीची फिरती शेती करीत. रानाचा एक तुकडा तोडून जाळावयाचा, त्या राखेत काही वर्षे पीक घ्यावयाचे आणि मग तो तुकडा सोडून पुढे जावयाचे. ब्रिटिश अमदानीतच या शेतीवर बंधने आली होती. व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ च्या आपल्या ग्रंथात या बंधनांमुळे बैगांच्या जीवनाची झालेली पडझड नोंदवून ठेवली आहे. पुढे राष्ट्रीय उद्यान झाल्यावर त्याच लोकांना गावेही सोडावी लागली. नवी जमीन, घर किंवा रक्कम मिळाली तरी मोह, तेंदूपाने, कंदमुळे व औषधी वनस्पती देणारे रान त्यांना पुन्हा मिळाले नाही.

२००६ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्याच वर्षी वनहक्कांचा कायदाही संमत झाला. तेव्हापासून व्याघ्र क्षेत्रातील रहिवाशांना त्यांच्या स्वेच्छेने दिलेल्या संमतीवाचून हलविता येत नाही. ही संमती कितपत खरी असते, यावर मात्र त्यानंतरही वाद झाले. २०१४ मध्ये कान्हातील बैगा कुटुंबांच्या स्थलांतराच्या संदर्भातही असा वाद उपस्थित झाला. बारासिंगा वाचला याचा आनंद मानताना, त्याच्या घरासाठी कोणी आपले घर सोडले, याचे विस्मरण होऊ नये.

येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या कुरणांना आपण निसर्गनिर्मित समजतो त्यांतील पुष्कळशी या लोकांच्या हातांनीच घडलेली आहेत. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी झाडे तोडली, जमीन कसली, गुरे चारली. म्हणून खोऱ्याच्या तळाशी वनाऐवजी मोकळी जागा राहिली. दहिवराने जे काम अर्धे केले ते मनुष्याने पुरे केले. सोंफचे उदाहरण घेतले तर गावकऱ्यांनी रान तोडून शेत केले नसते, तर गाव उठल्यावर तेथे कुरण न होता सालवनच राहिले असते. मनुष्याच्या गुरांनी बारासिंग्याचे घर मोडले हे जितके खरे, तितकेच ते घर मनुष्याने नकळत बांधले होते हेही खरे आहे.

राखावे लागणारे रान

यातूनच आजची अडचण उद्भवते. माणूस गेला, नांगर थांबला, गुरे गेली. आता कुरणाला कुरण म्हणून ठेवणार कोण? कुंपण घालून सोडून दिलेले कुरण फार काळ कुरण राहत नाही. कडेने सालाची, तेंदूची, पळसाची रोपटी आत सरकू लागतात. घाणेरीसारखी परदेशातून आलेली झुडुपे पसरतात. दहा-वीस वर्षांत गवताच्या जागी झुडुपे व झुडुपांच्या जागी झाडे उभी राहतात. म्हणून कान्हामध्ये दरवर्षी मजुरांच्या टोळ्या कुरणांत उतरतात, रोपटी मुळासकट उपटतात, तण काढतात, उंच गवताचे पट्टे राखतात आणि काही ठिकाणी चांगल्या गवताची लागवडही करतात. हे काम करणाऱ्यांत आसपासच्या गावांतील गोंड व बैगा स्त्री-पुरुषच मोठ्या संख्येने असतात.

या कामात हिशेबही फार बारकाईने करावा लागतो. सारे गवत उंच ठेवले तर चितळ व काळवीट यांची अडचण होते. चितळ घटले तर वाघाचे भक्ष्य घटते. सारे गवत आखूड ठेवले तर बारासिंग्याची पाडसे उघडी पडतात. म्हणून एका कुरणात उंच, मध्यम व आखूड अशा तिन्ही प्रकारच्या गवताचे तुकडे असावेत, जवळ पाणी असावे व कडेला सावली असावी, अशी व्यवस्था ठेवावी लागते. एका प्राण्याकडेच पाहून अधिवासाची व्यवस्था केली तर दुसऱ्याचे नुकसान होते, हा धडा कान्हाने दिला आहे.

दुसरी चिंता अशी की, एका उपजातीचे सर्व प्राणी एकाच खोऱ्यात असतील तर एखादी साथ किंवा एखादे दुष्काळी वर्ष सर्वांचा घास घेऊ शकते. या जाणिवेने कान्हातील बारासिंग्यांना दुसरी घरे देण्याचा प्रयत्न सुरू झाला. २०१५ मध्ये काही बारासिंगे सातपुडा व्याघ्र प्रकल्पातील बोरी भागात नेण्यात आले. २०२३ मध्ये बांधवगडमध्येही त्यांची रवानगी झाली. हरिण फार भित्रे असल्यामुळे पकडताना धक्क्यानेच मरण्याचा धोका असतो. त्यामुळे नरसाळ्याच्या आकाराचे, पडदे लावलेले कुंपण उभारून कळपाला हळूहळू अरुंद टोकाकडे नेतात व तेथून थेट वाहनात चढवितात. नव्या ठिकाणी त्यांना प्रथम बंदिस्त कुरणात ठेवून मग मोकळे सोडतात. परंतु त्याआधी तेथे योग्य गवत आहे का, हे पाहणे ही पहिली अट असते. बोरीमध्येही कुरणे मिळाली ती मुख्यतः उठलेल्या गावांच्या जागीच.

तिसरा प्रश्न वाटांचा आहे. कान्हाचे रान पेंचच्या रानाशी आणि बालाघाट जिल्ह्यातून महाराष्ट्रातील नवेगाव-नागझिराच्या रानाशी तुटक का होईना, पण जोडलेले आहे. वाघासारखा दूर जाणारा प्राणी या वाटांनी एका क्षेत्रातून दुसऱ्यात जातो. नागपूरहून उत्तरेकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, पेंचच्या परिसरात, प्राण्यांना खालून जाता यावे म्हणून रस्ता खांबांवर उचलून घेतला आहे, तो याचसाठी. बारासिंगा मात्र या वाटांचा उपयोग करू शकत नाही. दोन कुरणांमधील मैलोगणती वन ओलांडून तो जात नाही. त्याला नवे घर द्यावयाचे तर मनुष्यानेच उचलून न्यावे लागते.

कान्हाच्या मुख्य कुरणाच्या कडेला थांबून पाहणाऱ्या प्रवाशाची नजर बहुधा वाघाच्या शोधात असते. समोरचे गवत त्याला वाघ लपविणारा पडदा वाटते. परंतु पावसाळ्याच्या अखेरीस, उद्यान प्रवाशांना बंद असते तेव्हा, त्याच गवतात बारासिंग्याची पाडसे निपचित बसलेली असतात आणि त्यांची आई शंभर पावलांवर चरत असते. ते गवत त्या वर्षी पुरेसे उंच वाढले की नाही, यावर पुढच्या वर्षीच्या गणनेतला आकडा ठरतो. १९७० मधील सहासष्टांपासून आजच्या हजाराच्या घरातील संख्येपर्यंतचा प्रवास या गवतातूनच झाला आहे. आणि ज्या वर्षी ते राखण्यात हयगय होईल, त्या वर्षापासून तो प्रवास उलट दिशेने सुरू होण्यास फारसा विलंब लागणार नाही.